उन्हाळ्यांत व प्रवासांत कुत्र्याची निगा

बैलाच्या खुरांविषयीं, म्हशीच्या कासेविषयीं आणि कोंबड्यांच्या मानमोडीविषयीं शेतकीच्या मासिकांतून पुष्कळ लिहून येतें व तें योग्यच आहे. परंतु ज्या प्राण्याच्या भरंवशावर आपण खळ्यावर धान्याची रास टाकून घरीं निजावयास जातों, त्या कुत्र्याविषयीं चार ओळी लिहिलेल्या क्वचितच आढळतात. आमची सारी सेवा महसूल खात्यांत कारकुनीवर गेली. सातबाराच्या उताऱ्यावर विहीर येते, आंब्याचें झाड येतें, पोटखराब्याचें क्षेत्र गुंठ्यापर्यंत येतें. कुत्रें मात्र तेथील कोठल्याच रकान्यांत बसत नाहीं. रकान्यांत न बसणाऱ्या गोष्टीची विचारपूस कचेरींत होत नाहीं हें एक वेळ समजूं शकतें. पण घरांतही होऊं नये, हें नवल होय.

चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे जाणता शेतकरी सकाळीं नऊ-दहाच्या आंत औत सोडतो, बैल लिंबाखालीं बांधतो आणि दुपारीं त्यांस पाणी दाखवितो. त्याच वेळीं त्याचें कुत्रें विहिरीवरील पंपाच्या पत्र्याच्या खोलीशीं दोन हात सांखळीनें जखडलेलें असतें. यांत दुष्टावा नसतो. कुत्र्याची जात काटक, त्यास उन्हाचें काय, अशी समजूत मात्र असते. ही समजूत चुकीची आहे, आणि ती कां चुकीची आहे हें कळल्यावांचून पुढील कोणतीही सूचना मनांत ठसणार नाहीं.

माणसास उकडलें म्हणजे सर्वांगास घाम येतो. तो घाम उडतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो. बैल व घोडाही घामेजतात. कुत्र्याच्या अंगीं ही सोय जवळजवळ नाहीं. घाम येण्याजोगी जागा म्हणजे त्याच्या पंजांचे तळवे, आणि तेवढ्यानें सर्व देहाचा ताप कसा निघावा? म्हणून निसर्गानें त्याची व्यवस्था तोंडांत व नाकांत केली आहे. जीभ बाहेर काढून तें भराभर धापा टाकतें, तेव्हां जिभेवरील व नाकांतील ओलावा उडून जातो आणि तेथून फिरणारें रक्त थंड होतें. मातीच्या रांजणांतील पाणी जसें छिद्रांतून पाझरून गार होतें, तसाच हा प्रकार समजावा. रांजणास बाहेरून रंग फांसला तर पाणी गार होत नाहीं. तसेंच कुत्र्याचें तोंड बांधलें, वारा कोंडला किंवा पाणी तोडलें, तर कुत्रें गार होत नाहीं. एवढें एक ध्यानांत ठेवलें तर बाकीचें आपोआप सुचत जाईल.

निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती १०४ च्या वर गेली कीं धोका सुरू होतो, आणि १०६ च्या पुढें मेंदू, मूत्रपिंड व आंतडीं यांस इजा होऊं लागते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यांत हवेचें तपमान ४५ अंश सेल्सिअस, म्हणजे ११३ अंश फॅरनहाइटपर्यंत जातें. अशा वेळीं भोंवतालची हवाच कुत्र्याच्या रक्ताहून ऊन असते. तेव्हां कोरड्या वाऱ्यानें त्याचें अंग निवत नाहीं. ओलावा उडाला तरच उतार पडतो. कोंकणांत पारा इतका चढत नाहीं, परंतु हवा दमट असल्यामुळें जिभेवरील पाणी लवकर उडत नाहीं. म्हणून तेथील पस्तीस अंशही हलके समजूं नयेत. अलीकडे शहरांतून चपट्या नाकाचीं पग जातीचीं कुत्रीं सुटींत गांवीं येऊं लागलीं आहेत. त्यांच्या नाकाची वाटच अरुंद, त्यामुळें धाप टाकूनही त्यांचें भागत नाहीं. पाहुण्यांचें असें कुत्रें मळा दाखवावयास दुपारीं नेऊं नये. उलट, कारवानी किंवा मुधोळ कुत्र्याचा लांब तोंडाचा, सडपातळ, आखूड केसांचा बांधा आपल्या हवेस सोसतो. पण सोसणें निराळें आणि अंगांत ताप न चढणें निराळें. म्हातारीं, लठ्ठ, गाभण कुत्रीं व पिलें यांस लवकर बाधतें हें सांगावयास नकोच.

आतां सांखळीचें पाहूं. मोकळें कुत्रें उन्हाळ्यांत स्वतःची सोय स्वतः करतें. पाटाच्या कडेस, रांजणाखालच्या ओलीवर, केळींत, नाहींतर गाडीखालीं तें पंजांनीं माती उकरतें आणि आंतल्या गार थरावर पोट टेकून पडतें. बायका अंगण उकरलें म्हणून त्यास ओरडतात. पण तें खोड्या करीत नसून घर बांधीत असतें. सांखळीला बांधलेलें कुत्रें हें कांहींच करूं शकत नाहीं. त्याची सांवली, त्याचें पाणी आणि त्याचा वारा, तिन्ही बांधणाऱ्याच्या हातीं गेलेलीं असतात.

गंजी जळाल्याच्या एका पंचनाम्यास आम्ही मे महिन्यांत एका मळ्यांत गेलों होतों. शेजारच्या मळ्यांतील मंडळी आदल्या दिवशीं लग्नास गेलेली. जातांना त्यांनीं कुत्रें पत्र्याच्या खोलीच्या पश्चिमेस बांधलें होतें, कारण सकाळीं सांवली तेथेंच होती. पाण्याचा डबाही भरून ठेवला होता. दुपारीं सूर्य माथ्यावरून पलीकडे गेला आणि सांवली खोलीच्या पूर्वेस गेली. कुत्र्यानें तिच्याकडे जाण्यासाठीं ओढ घेतली असावी; सांखळी खांबाभोंवतीं गुंडाळत गुंडाळत वीतभर उरली, डबा लवंडला. आम्हीं पाहिलें तेव्हां तें मरून पडलें होतें व त्यानें जमिनीवर ओढलेल्या नखांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. मालक निष्काळजी नव्हता. त्यानें सांवली पाहिली होती, पाणी ठेविलें होतें. सांवली चालते एवढेंच त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. पंचनाम्यांत गंजीची किंमत लिहिली गेली. कुत्र्याची लिहावी असें कोणी म्हटलें नाहीं, आणि नमुन्यांत तशी जागाही नव्हती.

म्हणून बांधणेंच भाग असेल तर झाडाखालीं बांधावें. तेंही सकाळच्या सांवलींत नव्हे, तर दुपारीं दोन वाजतां सांवली कोठें पडते हें आदल्या दिवशीं पाहून तेथें. दोन झाडांना अगर खांबांना उंचावर तार ताणून तींत सरकती कडी घालावी व तिला सांखळी अडकवावी. म्हणजे कुत्र्यास दहा-पंधरा हात फिरतां येतें व गुंडाळा होत नाहीं. पत्र्याच्या छपराखालीं ठेवूं नये. तें उन्हापासून आडोसा देतें, पण स्वतः तव्यासारखें तापतें. त्यावर उंसाचें पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या हातभर जाड घातल्या तर निभावतें. लिंबाच्या किंवा आंब्याच्या सांवलीची बरोबरी मात्र कशासच नाहीं. ज्यांस हें सर्व दयेचें वाटतें त्यांच्यासाठीं कायद्याचीही गोष्ट सांगून ठेवतों. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमांत कलम ११ अन्वयें, फार आंखूड किंवा फार जड सांखळीनें प्राण्यास गैरवाजवी काळ बांधून ठेवणें, नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास मोकळें फिरविण्याची हयगय करणें आणि मालक असून पुरेसें अन्न, पाणी किंवा निवारा न देणें हे सर्व अपराध आहेत.

पाण्यासाठीं पत्र्याचा डबा वाईट. तो लवंडतो व त्यांतील पाणी तासाभरांत चहासारखें होतें. मातीचें पसरट परळ किंवा जुनी दगडी डोणी जमिनींत अर्धी पुरून ठेवावी. वीस किलो वजनाच्या कुत्र्यास एऱ्हवीं दिवसास लिटर-सव्वा लिटर पाणी लागतें. उन्हाळ्यांत त्याच्या दुप्पट धरावें व दोन जागीं ठेवावें. येथें एक धोका आमच्या शेतकरी बंधूंनीं विसरूं नये. तहानलेलें कुत्रें पाण्याची निवड करीत बसत नाहीं. फवारणीचें औषध कालवलेलें पिंप, ठिबकांतून सोडण्यासाठीं विरघळविलेल्या खताची टाकी, औषधाचे धुतलेले डबे, जें ओलें दिसेल त्यास तें तोंड लावतें. पिंपावर झांकण आणि कुत्र्यापुढें पाणी, ही दोन्ही कामें एकाच वेळीं करावयाचीं आहेत.

खाणें पहाटे व सूर्य मावळल्यावर द्यावें. ताक-भाकरी उन्हाळ्यांत चांगली मानवते. मात्र ताक खारट नसावें आणि सकाळचें कालवलेलें दुपारपर्यंत पडूं देऊं नये. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तास अपाय करतात, तेव्हां कांद्याची आमटी त्याच्या पानांत वाढूं नये. तासगांवाकडे व नाशिककडे ऐन उन्हाळ्याच्या तोंडीं द्राक्षें व बेदाणे यांची चंगळ असते, आणि शेडवरील कुत्र्यापुढें खाली पडलेला माल कौतुकानें टाकला जातो. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें बिघडतात. थोड्यानेंही एखादें कुत्रें दगावतें. हें कौतुक बंद करावें.

केसांविषयीं थोडेंच. झुबकेदार दुहेरी केसांचें विलायती कुत्रें उन्हाळा आला म्हणून कातरून गुळगुळीत करूं नये. ते केस ऊनही अडवितात. रोज फणी फिरवून आंतली लोंकर मोकळी केली म्हणजे पुरे. आपल्या गांवठी कुत्र्यास या भानगडी नाहींत. डांबरी रस्त्याची परीक्षा मात्र सर्वांनीं करावी: हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकून पांच-सात अंक मोजावे, आपल्यास सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांसही सोसत नाहीं.

एवढें करूनही ऊन लागलेंच तर तें ओळखावें कसें? धाप थांबत नाहीं व तिचा आवाज मोठा होतो. जीभ व हिरड्या लालभडक, पुढें पुढें काळपट होतात. घट्ट, चिकट लाळ गळते. पाय लटपटतात, डोळे शून्य होतात, ओकारी किंवा जुलाब होतो आणि शेवटीं कुत्रें आडवें पडून झटके देऊं लागतें. अशा वेळीं आधीं थंड करावें आणि मग दवाखान्याकडे न्यावें. नेण्याच्या घाईंत थंड करणें राहिलें तर वाटेंतच आटोपतें. सांवलींत घेऊन विहिरीचें किंवा नळाचें पाणी सर्वांगावर, विशेषतः पोटावर, जांघेंत, बगलेंत व पंजांवर, सारखें ओतावें आणि सूप किंवा पंचा घेऊन जोरानें वारा घालावा. ओलें पोतें अंगावर लपेटून ठेवूं नये. पोतें ऊन होतें व वारा अडतो. शुद्धीवर असेल तर थोडें थोडें पाणी पिऊं द्यावें, बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडांत ओतूं नये, तें फुप्फुसांत जातें. ऊन लागलेल्या माणसास कांद्याचा रस देतात म्हणून कुत्र्यास पाजूं नये, त्याचें कारण वर आलेंच आहे. उष्णता १०३ पर्यंत उतरली कीं ओतणें थांबवावें. कुत्रें उठून शेंपूट हालवूं लागलें तरी पशुवैद्यास दाखवावेंच. मूत्रपिंडाचे व रक्ताचे विकार एक-दोन दिवसांनीं डोकें वर काढतात.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही मुख्यतः लेखणी हातीं धरली ती सांगतों. लाळ गळणारें, झोकांड्या खाणारें, डोळे तारवटलेलें कुत्रें एप्रिल-मे महिन्यांत गांवांत शिरलें म्हणजे ‘पिसाळलें, पिसाळलें’ अशी हांक उठते आणि काठ्या निघतात. एका आठवडे बाजारांत असें एक कुत्रें मारलेलें आम्हीं पाहिलें. गळ्यांत पट्टा होता. ‘भाऊसाहेब, पिसाळलं होतं, म्हणून उरकलं,’ असें एका गृहस्थानें आम्हांस सांगितलें. तासाभरानें मालक शोधीत आला. तो सकाळीं दुसऱ्या गांवाहून मोटारसायकलवरून बाजारास आला होता. कुत्रें त्याच्या नकळत गाडीमागें धांवत निघालें, आणि भर दुपारीं बाजारांत पोहोंचलें तें असें. तें पिसाळलेलें होतें कीं उन्हानें पडलेलें होतें, याचा निर्णय आतां कोणीच करूं शकत नव्हता. मालक पट्टा सोडवून घेऊन गेला.

उन्हानें कुत्रें पिसाळतें ही समजूत खरी नाहीं. पिसाळणें हा विषाणूचा रोग आहे; तो रोगी प्राण्याच्या चाव्यांतून, लाळेंतून येतो आणि बारा महिन्यांत केव्हांही येतो. पाणी दाखवून परीक्षा करण्याची रीतही फसवी आहे, कारण रोग झालेल्या माणसास पाण्याचें भय वाटतें तसें कुत्र्यास वाटतेंच असें नाहीं. दोन्ही विकारांत लाळ गळते, दोन्हींत पाय लटपटतात. तेव्हां आपण अडाण्यानें निवाडा करूं नये. जवळ जाऊं नये, तोंडास हात तर मुळींच लावूं नये. मुलें आंत घ्यावीं. पण लांबून बादलीभर पाणी त्याच्या अंगावर फेंकण्यास व त्यास सांवलीच्या वाड्यांत कोंडून घेण्यास कोणतीच हरकत नाहीं. त्यानंतर पशुवैद्यास बोलवावें. कोणास चावलें असेल तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखान्यांत लस टोंचून घ्यावी. हळद, चुना, मिरची यांवर वेळ घालवूं नये. ज्याच्या कुत्र्यास दरसाल लस टोंचलेली असते आणि पट्ट्यावर तशी खूण असते, त्याच्या कुत्र्यावर काठी उगारण्यापूर्वीं लोक निदान एकदां थांबतात.

वरील कुत्र्याचा घात प्रवासानें झाला. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्यास आपणच गाडी ओढतों असें वाटतें, म्हणून आपण त्याची थट्टा करतों. आम्हांस तर तें शहाणें वाटतें. मोकळ्या रस्त्यावर चालती सांवली तेवढीच असते, ती त्यानें हेरलेली असते. बैलगाडीची चाल कुत्र्याच्या चालीशीं जुळे. मोटारसायकलची जुळत नाहीं, आणि मालकास सोडावयाचें नाहीं या एका विचारानें कुत्रें छाती फुटेपर्यंत धांवतें. निघण्यापूर्वीं त्यास घरीं बांधून, कोणाच्या तरी स्वाधीन करून निघावें.

उन्हाळ्यांत जनावरांसह प्रवास कसा करावा हें मेंढपाळांकडून शिकावें. घाटावरील अवर्षणी तालुक्यांतील धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात, कित्येक कोंकणांत उतरतात आणि पावसाच्या तोंडीं परततात. त्यांचीं मेंढरें आपण खतासाठीं शेतांत बसवून घेतों, तेव्हां त्यांचा क्रम आपल्या डोळ्यांपुढेंच असतो. पहाटे चालावें, ऊन चढतांच पाण्याजवळ झाडीखालीं बसावें, उन्हें कललीं कीं पुन्हां उठावें. कुत्रीं दुपारभर निजलेलीं असतात, आणि रात्रीं लांडग्याच्या वेळेस जागीं असतात. दुपारीं चालवून रात्रीं राखण मागणारा धनगर आम्हीं पाहिला नाहीं.

टेंपोच्या किंवा पिकअपच्या उघड्या हौद्यांत कुत्रें नेण्याची चाल पडली आहे. तो लोखंडी पत्रा उन्हांत तापलेला असतो. त्यावर गवताचा जाड थर व वर ओलें पोतें अंथरावें, डोक्यावर ताडपत्रीची सांवली करावी, आणि बाजू मोकळ्या ठेवाव्या. लांब दोरीनें बांधलेलें कुत्रें फळीवरून उडी टाकतें व गळफांस बसतो. म्हणून दोरी फळीपर्यंत पोहोंचूं नये इतकी आंखूड, पण बसतां-उठतां येईल इतकी सैल असावी. चावेल म्हणून प्रवासांत दोरीनें तोंड करकचून बांधतात, त्यासारखी घातक गोष्ट नाहीं. रांजणाचा दृष्टांत येथें आठवावा: तोंड बांधलें कीं धाप बंद, धाप बंद कीं अंगांतील ताप आंतच. बांधणेंच असेल तर जाळीची मुसकी घालावी, जिच्यांत तोंड उघडून जीभ बाहेर काढतां येते.

बंद मोटारींत कुत्रें ठेवून क्षणभर उतरणें हें शहरी मंडळींचें पाप आहे. उन्हांत उभ्या मोटारीच्या आंतील तपमान दहा मिनिटांत सुमारें दहा अंश सेल्सिअसनें आणि अर्ध्या तासांत त्याच्या दुपटीजवळ वाढतें. कांच दोन बोटें उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. देवदर्शनाची रांग दहा मिनिटांची कधींच नसते. काशीचें गंगोदक रामेश्वरास नेतांना नाथांनीं तें वाटेंत तापलेल्या वाळूंत तडफडणाऱ्या गाढवास पाजलें, अशी कथा आहे. तेव्हां एकानें गाडीपाशीं सांवलींत कुत्र्यास घेऊन थांबावें व दर्शन आळीपाळीनें घ्यावें.

आगगाडीनें न्यावयाचें तर शयनयान किंवा बैठकीच्या डब्यांत कुत्रें चालत नाहीं. पहिल्या वर्गांत संपूर्ण खोली आपल्या नांवें राखून घेतल्यास जवळ ठेवतां येतें. एरवीं गार्डाकडील डब्यांतल्या पेटींत ठेवावें लागतें. त्यासाठीं गाडीच्या बऱ्याच आधीं पार्सल कचेरींत जाऊन नोंद करावी आणि पशुवैद्याचा दाखला व लसीची चिठ्ठी जवळ ठेवावी. उन्हाळ्यांत ती पेटी भट्टी होते, म्हणून रात्रीचीच गाडी धरावी व मोठ्या स्थानकांवर उतरून पाणी दाखवावें. प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम या बाबतींत चांगले आहेत: निघण्यापूर्वीं निदान दोन तास आधीं खाणें-पाणी द्यावें, निघण्याच्या शक्य तितक्या जवळ फिरवून आणावें, उन्हाळ्यांत दर चार तासांनीं पाणी द्यावें, आणि मोठ्या कुत्र्यास बारा तासांत एकदां व पिलांस चार चार तासांनीं खावयास घालावें. नियम करणाऱ्यानें कुत्रें पाळलेलें असावें असा आमचा तर्क आहे.

मुक्कामीं पोहोंचल्यावर कान, बोटांच्या बेचकीं व शेंपटीखालची जागा तपासून गोचिड्या काढाव्या. त्यांपासून ताप येऊन कुत्रें खंगतें व उन्हास आणखीच हळवें होतें. पशुवैद्यास विचारून औषध लावावें, गुरांसाठीं आणलेलें औषध अंदाजानें चोपडूं नये. नव्या गांवीं पहिल्या दोन रात्री त्यास मोकळें सोडूं नये; तें जुन्या घराच्या वाटेस लागतें आणि सकाळीं उन्हांत सांपडतें. पट्ट्यावर मालकाचें नांव, गांव व फोनचा आंकडा कोरलेला पितळी बिल्ला असावा. तालुक्याच्या गांवीं भांड्यांवर नांवें घालणारे कारागीर तो उभ्या उभ्या करून देतात.